अकरा वाजता कुलूप लागणारा नळ

ज्या नळाखाली माणसाला रोज तासन्‌तास उभं राहावं लागतं, तिथे टाकीत पाणी कमी भरतं आणि डोक्यात किस्से जास्त! मी ते डायरीत लिहून ठेवतो. तीन डायऱ्या भरल्या, नळ आहे तसाच आहे. दाऊदभाई म्हणतात, "मिस्त्री, नळापेक्षा तुझं पेन जोरात वाहतं!"

आधी जागा सांगतो. कुवेतच्या दक्षिणेला वाळवंटात कालवे खोदून समुद्र आत आणलाय. कालव्याच्या दोन्ही काठांना व्हिला आणि प्रत्येक व्हिलासमोर मालकाची बोट. त्या बोटी धुणं आणि कालव्यातला कचरा काढणं हे आमच्या कंपनीचं काम. त्यासाठी आमच्या सहा बोटी आहेत. मी सकाळी मंगफहून येतो आणि त्यांची इंजिनं बघतो. दाऊदभाई रत्नागिरीकडचे, सगळ्यात जुने तांडेल, म्हणजे बोट हाकणारे. खारं पाणी पिता येत नाही आणि त्याने मालकाची बोटही धुता येत नाही. म्हणून निघण्याआधी प्रत्येक बोटीने धक्क्यावर गोडं पाणी भरायचं. सहा बोटींना मिळून नळ एक! त्याचे आटे झिजलेले. पाइप हाताने दाबून धरला नाही तर निसटतो. म्हणजे पाणी करंगळीएवढं आणि ते भरेपर्यंत एक माणूस खांबासारखा उभा.

\*

पहिली तक्रार आम्ही तोंडी केली. दोन महिन्यांनी एक इंजिनियर आला. हातात कागदी कप होता, त्यातला चहा संपलेला. त्याने तोच कप नळाखाली धरला, भरला, ओतून दिला आणि म्हणाला, "पानी तो आ रहा है!"

दाऊदभाई म्हणाले, "साब, आमची बोट हाय. कप नाय."

इंजिनियरने वहीत लिहिलं, "नळ चालू आहे." आणि गेला!

तो गेल्यावर मी पाइपाचा माग काढत भिंतीपर्यंत गेलो. जाडजूड पाइप येतो, भिंतीपाशी त्याला दोन फाटे फुटतात. जाड फाटा व्हिलांच्या हिरवळीकडे जातो, बारीक आमच्याकडे. तिकडे फवारे असे उडत होते की निम्मं पाणी डांबरी रस्ता पीत होता. मी डायरीत लिहिलं, "गवत पहिलं, माणूस दुसरा."

\*

नंबर लावायची आमची पद्धत साधी होती. जो आधी येईल त्याने नळापासून ओळीत आपली चप्पल ठेवायची. सहा बोटी, सहा चपला. भांडण नाही, तंटा नाही.

एक दिवस ऑफिसातून स्वच्छता बघायला माणसं आली. आम्ही सगळे बोटींवर. त्यांनी ओळीतल्या सहा चपला उचलल्या आणि कचऱ्याच्या गाडीत टाकल्या! ऑगस्टचा महिना, धक्का तव्यासारखा तापलेला. सहा जण एका पायावर उड्या मारत सावलीकडे पळाले. आमचा भंडारी इस्माईल, म्हणजे सगळ्यांचा स्वयंपाक करणारा, तर ओल्या गोणपाटावर बसून शिव्या देत होता.

वर नोटीस आली: "धक्क्यावर पादत्राणांशिवाय वावरणाऱ्यांवर कारवाई होईल."

त्या दिवसापासून चपला बंद, नंबर माझ्या डायरीत. कुठली बोट, कधी लागली, कधी सुटली, मिनिटामिनिटाची नोंद.

\*

आणि इथे माझ्या हातून चूक झाली.

ऑफिसात आपले एक कुलकर्णी आहेत, अकाउंट्सला. राहतात सालमियाला. मला म्हणाले, "अहो मिस्त्री, एवढं लिहून ठेवलंय तर पुरावा म्हणून देऊ या की! मी इंग्रजीत टाइप करतो." बिचाऱ्यांनी एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, महिन्याभराची पानं टाइप केली. कोण किती वेळ नळाला अडकला, बोटवार, तारखेवार. मी तो गठ्ठा स्वतः मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. मुदीर आपल्याकडचाच, हिंदी बोलणारा. त्याने पानं चाळली आणि म्हणाला, "बहुत अच्छा काम किया."

आठ दिवसांनी उत्तर आलं. दाऊदभाईंच्या नावाने वॉर्निंग!

छापील कागद, तीन रकाने. नाव: दाऊद. कामाच्या वेळेत नुसतं उभं राहिल्याचा वेळ: माझ्याच डायरीतले आकडे, बेरजेसकट. कारण: आळस.

दाऊदभाईंची बोट सर्वात मोठी, टाकी सर्वात मोठी, म्हणून उभं राहणंही सर्वात जास्त. बोटीवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला आळशी म्हणाले, आणि तेही माझ्या अक्षरावरून. कुलकर्णींनी फोनवर एवढंच विचारलं, "मिस्त्री, मी टाइप करताना काही चुकलो का हो?"

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. दाऊदभाईच समजूत घालायला आले. "अरे, तीन झाल्या तर इकामा रद्द. अजून दोन शिल्लक हायत!"

इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो गेला की सरळ विमान. त्यांच्या धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं. हसत बोलले, पण कागद घडी करून खिशात ठेवताना हात बराच वेळ खिशातच राहिला.

\*

उन्हाळ्यात अकरा ते चार उघड्यावर काम करून घ्यायचं नाही, असा इथे नियम आहे. नियम चांगला आहे. आमच्या ऑफिसने त्याचं काय केलं ते ऐका.

पुढच्या उन्हाळ्यात मुदीरने नळालाच कुलूप लावलं! अकरा वाजले की नळ बंद, चावी त्याच्या खिशात. वर बोर्ड: "११ ते ४ कोणत्याही कामगाराने नळाजवळ उभं राहू नये. तुमचं आरोग्य आमची जबाबदारी." म्हणजे भर उन्हात बोटीवरून तहानलेली माणसं सावलीत येणार, आणि जबाबदारीला कुलूप! सकाळी पिण्याच्या ड्रममध्ये जे भरलं असेल त्यावर चार वाजेपर्यंत काढायचं.

त्याच बोर्डाखाली पुढे एक चित्र लागलं: पाणी वाचवा. इस्माईल म्हणाला, "अजून किती वाचवू? थुंकी गिळू?"

\*

व्हायचं तेच झालं. दाऊदभाईंच्या कमरेत कळ आली. मी त्यांना जाब्रियाला दवाखान्यात नेलं. मूतखडा. डॉक्टर म्हणाले, "चाचा, दिवसभर पाणी प्यायचं. भरपूर. हेच औषध."

दाऊदभाई म्हणाले, "डॉक्टर, मला दिलीत तशी एक चिठ्ठी नळालाही द्या!"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दाऊदभाई आपला पिण्याचा ड्रम आधी भरायला लागले, धुण्याची टाकी नंतर. चौथ्या दिवशी दुसरी वॉर्निंग! कारण: कंपनीच्या वेळेत वैयक्तिक काम.

पाणी पिणं हे वैयक्तिक काम. हे मी डायरीत लाल पेनाने लिहिलंय. बोटींचे बिघाड सोडून इतर कशासाठी मी लाल पेन वापरत नाही. त्याच दिवशी त्यांच्या कागदासारखे तीन रकाने मी माझ्या डायरीतही आखले. नाव, वेळ, कारण.

\*

आता शेवटचा.

जुलै महिना. मुदीर तिसरा कागद घेऊन धक्क्यावर आला. अकराला दहा कमी. दाऊदभाईंची बोट सकाळी उशिरा सुटली होती, कारणाच्या रकान्यात पुन्हा आळस. दाऊदभाई शेडमध्ये बसलेले. म्हणाले, "साब, चष्मा नाय. मिस्त्री आला की वाचून सही करतो." मी समोरच उभा होतो. मीही म्हणालो, "आलोच, जरा हात धुतो!" हात स्वच्छच होते.

तेवढ्यात अकरा वाजले. मुदीरने सवयीने उठून नळाला कुलूप घातलं.

आणि कालव्यातून एक पांढरीशुभ्र मोठी बोट धक्क्याला लागली. कंपनीचं सर्वात मोठं गिऱ्हाईक. व्हिलाच्या बाजूची लाइन दुरुस्तीसाठी बंद होती, बोटीच्या टाकीत पाणी नव्हतं, आत बायकामुलं होती. मालक काच खाली करून म्हणाला, "पानी भरो, जल्दी!" काच पुन्हा वर.

मुदीरने धावत जाऊन कुलूप काढलं. "दाऊद! पाइप पकड़ो!"

दाऊदभाई जागचे हलले नाहीत. अगदी अदबीने म्हणाले, "साब, ग्यारह बज गये. बोर्ड पे लिखा है. हमारा आरोग्य आपकी जिम्मेदारी है."

मुदीरने आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे बोर्ड वाचायला लागलो.

बोटीचा भोंगा वाजला. मग मुदीरने स्वतः पाइप उचलला, नळाला लावला. सोडला. निसटला. पुन्हा लावला, हाताने दाबून धरला. करंगळीएवढं पाणी, आणि बोटीची टाकी आमच्या तीन टाक्यांएवढी! इस्माईलने चहा टाकला. थोड्या वेळाने मुदीरने हात बदलला, मग पाय बदलला. मग खिशातून दाऊदभाईंचा वॉर्निंगचा कागद काढून, उलगडून डोक्यावर धरला. कागद घामाने भिजला, शाई उतरली, कपाळावर निळे ओघळ आले. दाऊदभाईंनी आपल्या ड्रममधून तांब्या भरून नेऊन दिला. मुदीरने तो एका दमात संपवला. मग दुसरा.

टाकी भरली. पांढरी बोट काच वर ठेवूनच निघून गेली.

मी डायरी घेऊन समोर गेलो. पान तयार होतं. नाव: मुदीरसाहेब. कामाच्या वेळेत नुसतं उभं राहिल्याचा वेळ: अकरा अठरा ते एक त्रेचाळीस. "साहेब, सही."

त्याने पेन घेतलं. पान वाचलं. पेन तसंच हवेत राहिलं.

दाऊदभाई गुडघ्यावर हात ठेवून उठले, माझ्या खांद्यावरून डायरीत डोकावले. चष्म्याशिवाय!

"मिस्त्री, एक खाना खाली है," ते म्हणाले. आणि मग मुदीरकडे वळून, "साब, कारण में क्या लिखें?"