मर्लची फुंकणी

मर्ल ओडेगार्डने ते जेवणाच्या टेबलापाशी, चाळीस माणसांच्या देखत सांगितलं. आवाज चढवला नाही की शिवी दिली नाही. हातातली बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "डॉइल, तू मला भेसळीची दारू दिलीस."

दारू म्हणजे बंदुकीची, काळी. प्यायची असती तर सगळे हसले असते आणि विषय तिथेच मिटला असता. पण ड्राय फोर्कच्या नेमबाजीच्या मैदानावर काळ्या दारूच्या माणसाला भेसळखोर म्हणणं म्हणजे देवळातल्या पुजाऱ्याला चोर म्हणण्यासारखं होतं. बीन्सच्या पातेल्यातला डाव कुणीतरी तसाच धरून उभं राहिलं. डॉइल पेटिटला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने मर्लकडे पाहिलं. मर्लने मान वळवली आणि तो मुक्कामाच्या गाडीकडे, आपल्या कॅम्परकडे चालू लागला.

डॉइल हबकून जागच्या जागी बसून राहिला. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, उभा जन्म काउंटीचे कच्चे रस्ते सपाट करणारं यंत्र चालवण्यात गेला. पण अमेरिकेतल्या माँटानाच्या त्या कोपऱ्यात त्याला ओळखत ते दारूसाठी. क्लबची दारू निवडायचं काम सव्वीस वर्षं त्याच्याकडे होतं. दर वसंतात तो तीन-चार प्रकार आणायचा, प्रत्येकाची चिमूट पांढऱ्या कागदावर जाळून मागे काय उरतं ते बघायचा, मग पन्नास-पन्नास बार उडवायचा. दाणा मोठा की बारीक, धूर ओलसर की कोरडा, सगळं वहीत लिहायचा. मग एकच प्रकार ठरवून सगळ्यांसाठी मागवायचा आणि स्वतःच्या हाताने वाटायचा. त्याच्या डब्यावर कुणी कधी संशय घेतला नव्हता. आणि घेतला कुणी, तर मर्लने? एकोणीस वर्षं मर्ल नेम धरून पालथा पडायचा आणि डॉइल शेजारी बसून दुर्बिणीतून गोळी कुठे गेली ते सांगायचा. एकदा पंचाने चुकून त्याच्या नावावर एक नेम जास्त मांडला तर हाच मर्ल उठून तो खोडायला लावून परत आला होता. असला माणूस खोटं बोलेल असं डॉइलच्या स्वप्नातही आलं नसतं.

आता काळ्या दारूचं दुखणं असं, की ती अर्धी जळते आणि अर्धी रायफलीच्या नळीत काजळी होऊन बसते. हवा दमट असली तर काजळी मऊ राहते. पण जुलैत तिथे जो वारा सुटतो तो ओठसुद्धा फोडतो. त्या वाऱ्यात काजळी पातेल्याच्या बुडाच्या खरवडीसारखी धरते आणि पुढची गोळी तिच्यावरून घसरत, भेलकांडत जाते. म्हणून प्रत्येक बारानंतर ही माणसं नळीत फुंकतात. रिकाम्या काडतुसाला एक लांब नळी बसवलेली असते, चुलीपुढच्या फुंकणीसारखीच. ती मागून रायफलीत घालायची आणि सहा वेळा पोटापासून फुंकायचं. श्वासातल्या ओलीने काजळी नरमते. सगळं नीट जमलं की रायफलीच्या नळीच्या तोंडावर गोळीला लावलेल्या चरबीची एक चांदणी उमटते. चांदणी असली की आत सगळं ठीक आहे असं समजायचं.

त्या उन्हाळ्यात मर्लच्या नळीवर चांदणी उमटत नव्हती. पहिले चार-पाच बार बरोबर, मग गोळ्या वाट्टेल तिकडे. नाचता येईना अंगण वाकडं, हा तर त्या मैदानाचा धर्मच. नेम चुकला की दारू वाईट आणि लागला की आपला हात चांगला. तेव्हा दोघांनी मिळून दारूलाच धारेवर धरलं. मोठा दाणा घेतला, बारीक घेतला. गोळीच्या चरबीत मधमाशीचं मेण वाढवलं. जूनभर हेच चाललं. आणि त्या शनिवारी पाचशे मीटरवर निशाण म्हणून उभ्या केलेल्या दहा लोखंडी मेंढ्यांपैकी मर्लने चार पाडले, उरलेले सहा शेवटपर्यंत उभेच राहिले. त्यानंतरच्या जेवणात हे घडलं.

दुपारी मर्लची बायको आर्डिस डॉइलकडे आली. मर्लच्या उरलेल्या काडतुसांची पेटी तिने त्याच्या मांडीवर ठेवली.

"हे घे आणि काय ते एकदा बघ," ती म्हणाली. "म्हातारे झालात दोघं, पण अक्कल अजून यायचीच आहे. त्याला महिनाभर खोकला आहे, झोप नाही, म्हणून चिडतोय. मनावर घेऊ नकोस."

दोघांच्या रायफली एकाच मापाच्या होत्या. डॉइल मैदानाच्या टोकाला गेला आणि मर्लने स्वतःच्या हाताने भरलेली ती काडतुसं आपल्या रायफलीत घातली. प्रत्येक बारानंतर सहा वेळा फुंकलं. दहा बार झाले. दहाच्या दहा गोळ्या तळहाताएवढ्या जागेत होत्या आणि नळीच्या तोंडावर चांदणी अशी ओली, की बोट लावलं तर बोटाला यावी. ओली चिंधी आतून फिरवली तर काजळी लोण्यासारखी निघाली. दारू सोन्यासारखी होती. डॉइलला इतका आनंद झाला, की ती काळी चिंधी हातात नाचवत तो तसाच मर्लच्या कॅम्परवर गेला. आता याच्या तोंडावर मारतो, असं तो मनात म्हणत होता.

मर्ल रायफल साफ करत बसला होता. त्याच्या पायाशी त्याच्या चिंध्या पडल्या होत्या, आणि त्यांच्यावर काजळीच्या कोरड्या, कडक खपल्या होत्या. डॉइलने आपल्या चिंधीकडे पाहिलं, मग त्याच्या. दारू तीच, गोळी तीच, चरबी तीच, वारा तोच. फरक एकच उरत होता.

त्याने रायफल रिकामी आहे हे पाहून घेतलं, फुंकणी मागून बसवली आणि आपला तळहात नळीच्या तोंडावर धरला.

"फुंक," तो म्हणाला.

"तुला वेड लागलंय का?"

"फुंक म्हणतो ना."

मर्लने फुंकलं. डॉइलच्या हाताला काही लागलं नाही. ऊब नाही की ओल नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसरी फुंकर खोकल्यात गेली आणि तो खोकला थांबेना. मर्लचे ओठ निळे पडले. डॉइल त्याची पाठ चोळत राहिला. सगळा उन्हाळा त्याने दुर्बीण लावून नळीचं एक टोक पाहिलं होतं. दुसऱ्या टोकाला ज्याचं तोंड होतं, त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मार्च. बिलिंग्जच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. एकतीस वर्षं कोठारात गहू ढकलला, त्याची धूळ सगळी आत बसलीय म्हणे. निम्मी फुप्फुसंसुद्धा उरली नाहीत."

"आर्डिसला माहीत आहे?"

"तिला खोकला वाटतो."

डॉइल सुन्न झाला. पण त्याहून मोठा धक्का पुढे होता आणि तो बसायला जरा वेळ लागला. "म्हणजे तुला माहीत होतं," तो सावकाश म्हणाला. "दारू चांगली आहे हे माहीत असून तू मला चाळीस माणसांत भेसळखोर केलंस."

मर्ल फुंकणी पुसत राहिला. "तू यातून सावरला असतास, डॉइल. मला मात्र त्यांनी खुर्चीत बसवलं असतं. बस हो मर्ल, कॉफी आणू का मर्ल. या मैदानाशिवाय मला दुसरं आहे काय?"

 डॉइल उठून चालता झाला.

रविवारी सकाळी क्लबचे प्रमुख लॅव्हर्न स्ट्रोबेल कॉफीचा कप घेऊन सगळ्यांच्या समोरच त्याच्याकडे आले. दारूचं काय झालं, असं त्यांनी विचारलं. डॉइलने खरं सांगायचं मनात पक्कं केलं होतं. सव्वीस वर्षांचं नाव होतं, ते काय उगाच घालवायचं? मर्ल तीन पावलांवर उभा होता. डॉइलने तोंड उघडलं आणि त्याला स्वतःचेच शब्द ऐकू आले.

"माझ्या कोठीत ओल गेली असणार. चूक माझी आहे."

आता मर्ल बोलेल, असं त्याला वाटलं. मर्लने कपात बघितलं आणि तो मूग गिळून गप्प राहिला. स्ट्रोबेल खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, की पुढच्या वर्षीपासून दारूचं काम दुसऱ्या कुणाकडे देऊ. डॉइलने मान हलवली. माणूस इतकं गप्प राहू शकतो, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. संताप आला, रडू आलं, आणि दोन्ही गिळावं लागलं.

तरीही मर्लची पाळी आली तेव्हा पाय सवयीने तिकडेच गेले. मर्ल पालथा पडला, तशी डॉइलने शेजारी बसून दुर्बीण लावली.  पहिला मेंढा पडला, दुसरा पडला, तिसरा पडला. चौथ्याला गोळी खुराखालची माती उडवून गेली. डॉइलने तेवढं सांगितलं. मर्लने रायफल उघडली, फुंकणी बसवली, तोंडाजवळ नेली आणि तिथेच थांबला. वेळ चालला होता. आर्डिस मागे खुर्चीवर विणत बसली होती.

मर्ल कोपरांवर जोर देऊन गुडघ्यांवर उठला. मागे वळला आणि छातीत जेवढा आवाज उरला होता तेवढा काढून म्हणाला, "दारूत खोट नव्हती. डॉइलने कधीच भेसळ केली नाही. मी खोटं बोललो. दम माझा संपलाय."

 स्ट्रोबेल हातातलं घड्याळ विसरले. आर्डिसच्या सुया थांबल्या. ती नवऱ्याकडे नुसती बघत राहिली, आणि महिनाभराचा खोकला तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उलगडत गेला.

मर्लने फुंकणी डॉइलपुढे धरली. "तू फुंक."

डॉइलने ती घेतली. गुडघे टेकून ओठांना लावली. त्याची छाती धडधाकट होती, आयुष्यात तिने कधी दगा दिला नव्हता. त्याने खोल श्वास घेतला, मर्लकडे बघितलं, आणि त्याला फुंकताच येईना.