पायरी न खाणाऱ्या सासूबाई

गणितातली पायरी गाळणं हा गुन्हा ठरला असता, तर माझ्या सासूबाईंनी अर्धं संभाजीनगर आत टाकलं असतं आणि त्यात पहिला नंबर माझा लागला असता. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. उत्तर तोंडी सांगून मोकळं व्हायची सवय. सासूबाई एकसष्टाव्या वर्षी सोयगावहून आमच्याकडं आल्या, त्या बाहेरून दहावीला बसायचं ठरवूनच. बाकीच्या विषयांची त्यांना फिकीर नव्हती. गणिताची होती. त्यामुळं रोज सकाळी सहाला वही, कंपासपेटी आणि मी, असे तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हजर.

एका सकाळचं गणित: वडिलांचं वय मुलीच्या तिप्पट, दोघांची बेरीज अठ्ठेचाळीस. मी जांभई देत म्हणालो, "मुलगी बारा वर्षांची."

"पायरी खाल्ली तुम्ही, जावईबापू." त्यांनी माझ्यापुढं वही सरकवली. "मुलीचं वय क्ष मानू. वडिलांचं तीन क्ष. चार क्ष बरोबर अठ्ठेचाळीस. क्ष बरोबर बारा. आता पडताळा. बारा आन छत्तीस, अठ्ठेचाळीस. व्हय का नाय?"

भूमितीनं तर घर ताब्यात घेतलं. फळी बसवायला आलेल्या सुतारासमोर त्यांनी भिंतीवर तीन फूट, फळीवर चार फूट मोजलं आणि तिरकं अंतर पाच भरेना म्हणून काम थांबवलं. "काटकोन नाय हा."

"खाला, दीवारच टेढी है," तो म्हणाला.

"मग तेच सिद्ध कर," म्हणून त्यांनी टेप त्याच्या हातात दिला. बिचाऱ्यानं अर्धा तास भिंत मोजली. भिंत खरंच वाकडी निघाली.

एकदा मी वैतागून विचारलं, "आई, इतकं कशाला लिहायचं?" त्या पेन्सिलीला टोक काढत म्हणाल्या, "शाळेत माझं उत्तर बरोबर आलं व्हतं. पायऱ्या नव्हत्या लिहिल्या. गुरुजी म्हणाले, कुणाचं पाहून लिहिलं? सगळ्या वर्गासमोर. पुन्हा शाळेत गेलेच नाय मी."

त्यानंतर मी कधी जांभई दिली नाही.

पहिल्या परीक्षेत त्या गणितात नापास झाल्या. प्रत्येक गणिताचा पडताळा लिहिता लिहिता तीन प्रश्नांना हातच लागला नव्हता. मी म्हणालो, "पडताळा सोडा, वेळ वाचेल."

"हात जोरात चालवीन. सोडणार काहीच नाय."

मग घड्याळ समोर ठेवून सराव सुरू झाला. वह्या संपल्या तशा जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठी भरल्या. बोटाला घट्टा पडला. दुसऱ्या खेपेला पेपर पूर्ण सोडवून झाला, पडताळ्यासकट, आणि गणितात बेचाळीस गुण आले. निकाल त्यांनी स्वतः दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि आत जाऊन निजल्या.

दुसऱ्या दिवशी सहाला मी सवयीनं बाहेर आलो. त्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर वही नव्हती.

"आता सकाळी काय करायचं, जावईबापू?"

मी चहा ठेवला. त्या आठवड्यातच त्या सोयगावला परत गेल्या. मला मात्र अजून सहालाच जाग येते.