दोन डिस्कची लहान पेटी

तुमच्या आईने फोनवर विचारले, तुम्हा आजी-आजोबांना या वयात घरात सर्व्हर कशाला हवा? सर्व्हर हा फार मोठा शब्द झाला. आमच्या प्रताप नगरच्या घरात टीव्हीखालच्या कप्प्यात आता जी पेटी आहे, ती पोळ्यांच्या डब्याहून थोडीशीच मोठी आहे. तिच्यात दोन डिस्क आहेत. तिच्यात जे ठेवाल ते ती दोन्हींवर लिहिते, म्हणजे एक बिघडली तरी दुसरीवर ते राहते. घरातल्या फोनवरून किंवा लॅपटॉपवरून ते केव्हाही उघडता येते. एवढेच तिचे काम.

ती मी का तयार केली, हे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून लिहिते आहे. तुम्ही लहान असताना आजोबा दर रविवारी जुन्या कॉम्प्युटरवर एक गोष्ट रेकॉर्ड करून तुम्हाला पाठवत. तुमच्याकडच्या प्रती तुमच्या आईच्या जुन्या फोनांबरोबर गेल्या. इथला कॉम्प्युटरही बंद पडला. त्याची डिस्क तेवढी मी काढून ठेवली होती. पुढे आजोबांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज गेला. आता ते कुजबुजतात, आणि शांत खोलीत तेवढे पुरते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी ती डिस्क लावून पाहिली, तर आतून टकटक ऐकू येऊ लागली. डिस्क जायला आली की अशी वाजते. आजोबा शेजारी उभे होते.

"माझा आवाज फक्त हिच्यातच आहे ना?" त्यांनी विचारले.

मी हो म्हटले. ते बागेत निघून गेले. मी त्याच दिवशी पेटीचे सुटे भाग मागवले.

लहान पेटीत सगळा खेळ क्रमाचा असतो. मी माहितीपुस्तिका नीट वाचली, जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून भाग ओळीने मांडले, आणि तरीही मदरबोर्ड आधी बसवला. विजेची जाड वायर त्याच्यामागून आणायची होती, आणि आता तिथे बोट शिरत नव्हते. आजोबा टॉर्च धरून उभे होते. त्यांची मोठी बहीण, तुमची आत्याआजी, समोर क्रोशाचे विणकाम घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना ताई म्हणते; त्या आमच्याकडेच राहतात.

"काहून वं, कवाची त्या डब्यात काय शोधून राहिली?"

"ताई, ही वायर पलीकडे न्यायची आहे."

"एवढंच? सरक तिकडं." त्यांनी क्रोशाची सुई फटीत घातली, वायर आकड्यात धरली आणि टाका ओढावा तशी अलीकडे ओढून घेतली. "एवढी इंग्रजी शिकली, अन् वायर ओवता येत नाही तुले."

संध्याकाळपर्यंत पेटी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी जुनी डिस्क तिला जोडली, त्यातले सगळे एकदम नवीन डिस्कवर उतरवायला लावले, आणि आम्ही दोघे कूलर लावून आडवे झालो.

आमच्या घरात उघडे यंत्र कोणी पाहिलेले नाही. फ्रिजला कव्हर, मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, रिमोटही प्लॅस्टिकमध्ये. हे सगळे ताईंचे राज्य. मे महिन्यात इथे धुळीची वावटळ उठते आणि बंद खिडकीतूनही घरात शिरते, तेव्हा त्यांचे चुकते असेही नाही. आम्ही उठलो तेव्हा पेटी फुलाफुलांच्या कापडात होती. चारी बाजूंनी बेतशीर शिवलेले, खाली नाडी ओढून घट्ट बांधलेले. कापडावरून हात ठेवला तर तव्यासारखी गरम. उष्णतेने ती स्वतःच बंद पडली होती. मी ती उघडी करून पुन्हा सुरू केली, पण तोवर एकही गोष्ट धड उतरली नव्हती, आणि जुनी डिस्क आता तिला दिसेना.

"ताई, तिच्या जाळीतून गरम हवा बाहेर जाते. जाळीच झाकली गेली."

"मंग सांगायचं नाही काय? आजवर फ्रिज तर काही बोलला नाही." थोड्या वेळाने त्या भावाकडे वळल्या. "तुह्या गोष्टी गेल्या काय गा?"

"माहीत नाही," आजोबा म्हणाले. "गार होऊ दे."

सकाळी, ऊन चढायच्या आत, मी डिस्क पुन्हा जोडली. ती दिसली, टकटक मात्र वाढली होती. आता सगळे एकदम उतरवण्यात अर्थ नव्हता. एकेक रेकॉर्डिंग निवडून घ्यायचे, आणि डिस्क किती साथ देईल ते कळत नव्हते. मी आजोबांना म्हटले, मुलांनी पुन्हा पुन्हा मागितलेल्या मोठ्या गोष्टी आधी घेऊ. त्यांनी चष्मा लावून नावे वाचली आणि एका अगदी छोट्या रेकॉर्डिंगवर बोट ठेवले.

"ही गोष्ट अर्धवट आहे," मी म्हटले.

"मला माहीत आहे. हीच घे."

ती उतरली. तिच्यानंतर आणखी दोन उतरल्या. चौथीच्या मध्येच डिस्क थांबली आणि परत सुरू झाली नाही.

आम्ही आधी ती छोटीच लावली. आजोबांचा जुना, भरदार आवाज कोल्ह्याला विहिरीपर्यंत आणतो. तेवढ्यात दार वाजते आणि ताई ऐकू येतात: "काहून गा, एकटाच कोणाशी बोलून राहिला? टाकी वाहून राहिली, मोटर कोण बंद करन?" त्यावर आजोबा हसतात. खुर्ची करकरते, ठसका लागतो, थांबतात आणि पुन्हा हसतात. मग रेकॉर्डिंग संपते.

"मी एवढ्या जोरानं बोलते काय?" ताईंनी विचारले.

आजोबांनी मान हलवून हो म्हटले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोलणं कसंतरी जमतं. हसताना मात्र नुसता वारा निघतो." आणि रेकॉर्डिंग पुन्हा लावायला सांगितले.

तिन्ही तुम्हाला पाठवते आहे. त्या कोल्ह्याचे पुढे काय झाले, ते आजोबांना आठवत नाही.