कुरडईचं आरक्षण

आमच्याकडे आल्या की बाई आधी बसत नसत. पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवत, लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि सांगत, "अक्का, भिंतीला ताप हाय." परभणीचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे, ताप नसणारी भिंत दाखवा म्हणावं. पण बाई औषधही सांगायच्या. "दोडक्याचा वेल चढवा हिच्यावर." चढवला. खोली खरंच निवली, पंखा कमी लागायला लागला. दोडके मात्र इतके आले की आमचे हे म्हणाले, "भिंतीचा ताप उतरला, आता मला चढायलाय."

बाई नगररचना कार्यालयात नकाशे काढून रिटायर झालेल्या. आमच्या कॉलनीचा नकाशाही त्यांच्याच हातचा. घरांना झळ कमी लागावी, वारा खेळावा, असे प्लॉट त्यांनी पाडलेले. लोकांना वाटायचं, वास्तुशास्त्र आहे. एक जण विचारायला आला, "मॅडम, संडास कोणत्या कोपऱ्यात शुभ?"

"पाइप जवळ असंल त्या."

तो नमस्कार करून गेला.

त्यांच्या गच्चीवर सोलारच्या प्लेटा होत्या, खाली बॅटरी. ती काही हौस नव्हती. त्यांच्या मालकांना, म्हणजे काकांना, श्वासाचा आजार. ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र लावलेलं. आणि आपल्याकडची लाइट कशी जाते, ते मी तुम्हाला काय सांगू.

अशात दक्षिणेच्या शेजाऱ्यानं, किराणा दुकानवाल्या शेटनं, वरचा मजला काढला. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं. म्हणजे सावली थेट बाईंच्या प्लेटांवर, आणि बॅटरी अर्धीच भरणार. सगळी गल्ली म्हणाली, तक्रार करा, तुमचंच तर ऑफिस.

"कशाची तक्रार?" बाई म्हणाल्या. "वरच्या मजल्याची परवानगी नकाशात हाय. मीच लिवली."

एवढं बोलून त्या उठल्या आणि मला सोबत घेऊन शेटकडे गेल्या. शेट भांडायच्या तयारीनं दारातच उभा. बाई त्याच्या बाजूनं वाट काढून सरळ नव्या गच्चीवर.

"भाऊ, ही वरची खोली उन्हाळ्यात भट्टी होणार. माझ्या प्लेटा इथं राहू द्या. ऊन मला, सावली तुमाला."

शेट व्यापारी माणूस. सौदा त्याला पटायला लागला होता. पण जिन्यातून त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, पदर खोचून वर आल्या. "आन मी कुरडया कुठं घालू? डोस्क्यावर?"

बाईंना हा मुद्दा एकदम मान्य. त्यांनी वहिनींकडूनच रांगोळी मागून घेतली आणि त्या कोऱ्या गच्चीवर आराखडा काढला. सगळ्यात कडक उन्हाचा पट्टा कुरडईला. त्याला लागून मिरच्या. मग टाकी, मग धुण्याची दोरी. उरलं तिथं प्लेटा.

"वहिनी, हे कुरडईचं आरक्षण. हितं कुणी अतिक्रमण केलं तर मी सोता येऊन काढीन."

"आन मी उन्हाळ्यात झोपू कुठं?" शेट.

"मधी रस्ता सोडलाय. रस्त्यावर झोपा."

वहिनींना हसू आलं. आम्ही तीच मंजुरी धरली. आठवड्याभरात प्लेटा भिंत ओलांडून तिकडे गेल्या, वायर तेवढी इकडे परत आली.

प्लेटांवर धूळ बसली की ऊन वाया जातं, म्हणून बाई पुसायला रोज शेटच्या जिन्यानं वर जायच्या. उतरताना वहिनींकडे चहा. शेट म्हणायचा, "मॅडम, तुमची लय वर्दळ झालीय आमच्याकडं. ही नकाशात न्हवती."

"न्हवती," बाई कप ठेवत म्हणायच्या. "साखर जरा कमी टाका."

आम्ही सगळे काकांच्या काळजीत होतो, आणि गेल्या बाई. मागच्या पौषात दुपारी जेवून जराशा टेकल्या, त्या टेकल्याच. असं कुठं असतं का, तुम्हीच सांगा. काकांची पुतणी पूर्णेहून येऊन राहिली आहे, ती त्यांचं बघते. प्लेटा वहिनी पुसतात.

परवा संध्याकाळी लाइट गेली. पंखे थांबले, टीव्ही गप्प झाले. आम्ही बाया लसणाचं ताट घेऊन ओट्यावर आलो. सुनांवरून गप्पा रंगात आलेल्या, आणि वहिनी मधेच बोलायच्या थांबल्या. बाईंच्या घरातून मशीनची घरघर येत होती, एका लयीत. वहिनींनी जरा कान दिला, मग पुढची पाकळी सोलायला घेतली.