पदकाच्या कडेवरचं नाव

नाशिकहून सकाळच्या एसटीने निघालो आणि दुपारच्या आत दादरला उतरलो. बॅगेत एक बदलायचा शर्ट, आत्यासाठी चिवडा आणि एक कोरी वही. चिवड्याची पिशवी घाटातच फुटली होती. वहीच्या पानापानांत शेंगदाणे.

घरी सांगितलं होतं, पणजोबांच्या पदकाची नोंद शोधायला जातोय. ते खरं होतं, पण अर्धंच. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजचा इराक) लढले. त्यांचं चांदीचं पदक परळच्या चाळीत माझ्या आत्याच्या ट्रंकेत असायचं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आदल्या दिवशी ती ते राखेने घासून लख्ख करायची. तीस वर्षांपूर्वी ते नाहीसं झालं. आत्याचा संशय शेजारच्या शेवंताबाईंवर गेला, आणि भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या त्या दोघी तेव्हापासून एकमेकींशी बोलल्या नाहीत.

पदक मी घेतलं होतं. एवढी वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता सांगायचंच ठरवलं होतं, पण रिकाम्या हाताने आत्यासमोर उभं राहायची छाती नव्हती. पदक नाही तर निदान त्याची नोंद तरी हातात हवी.

दादरला कोथिंबीरवडी खाल्ली, वर पियुष (श्रीखंडाचं पातळ, गोड पेय) घेतलं आणि नव्या भुयारी मेट्रोने गिरगाव गाठलं. चुकीच्या दाराने बाहेर पडलो आणि वीस मिनिटं उन्हात भटकलो. मग एकदम खोताची वाडी लागली. लाकडी जिने, रंगवलेले कठडे, आणि रस्त्यावरच्या गोंगाटाला कुणीतरी दार लावून घेतल्यासारखी शांतता.

इथे लॉरेन्सकाका राहतात. शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्तीनंतर जुन्या पलटणींच्या पदकवाटपाच्या याद्यांच्या नकला जमवण्याचा नाद लागला.

“या. पहिलं खा, मग युद्ध,” म्हणत त्यांनी फुगे (मैद्याचे तळलेले गोळे) पुढे केले. “बोला, आडनाव?”

“जामगेकर.”

त्यांनी संगणकावर एक यादी पाहिली, दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. कुठेच नाही. तासाभराने त्यांनी चष्मा काढला.

“अहो, ह्यात एकाला तरी आडनाव दिसते काय तुम्हाला? पोराचं नाव, बापाचं नाव, गाव, संपलं. त्या पदकाच्या कडेवर नाव कोरलेलं असते. घरात कुणी वाचलं नाही कधी?”

मी वाचलं होतं. खरी गोष्ट तीच. आमच्या महार पूर्वजांच्या नावांना तेव्हा ‘नाक’ जोडलेलं असे. ते ऐकलं की समोरच्याला जात कळे. पुढे आम्ही बौद्ध झालो, गावावरून आडनाव लावलं, जुनं मागे टाकलं. मी नोकरीला लागलो तेव्हा आत्याकडेच राहायचो. ऑफिसातले मित्र घरी जेवायला यायचे होते. आत्या पदक प्रत्येकाच्या हातात देऊन नाव वाचायला लावणार, हे ठरलेलं. आदल्या संध्याकाळी मी ते खिशात घातलं, वरळी कोळीवाड्याच्या टोकाला गेलो आणि समुद्रात भिरकावलं. आणि आज इथे बसून तासभर त्या भल्या माणसाला नवं आडनाव शोधायला लावत होतो. खरं नाव जिभेवर होतं, पण बाहेर निघत नव्हतं.

“रामनाक,” मी पुटपुटलो. “बाप सोननाक.”

“मोठ्याने बोला हो, मला कमी ऐकू येते.”

“रामनाक सोननाक!”

समोरच्या खिडकीतल्या बाई डोकावल्या. आणि दोन मिनिटांत पडद्यावर ओळ उभी राहिली. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव जामगे. आणि हुद्दा, हवालदार! “तुझा आजोबा खेचरं हाकायचा,” म्हणून नातेवाईक आत्याला जन्मभर चिडवत आले होते.

लॉरेन्सकाका खुर्ची मागे सारून उठले आणि त्यांनी त्या पडद्याला कडक सलाम ठोकला. “माझे आजोबा पण तिकडेच होते, आचारी म्हणून. तुमच्या हवालदारसाहेबांना डाळ वाढली असेल त्यांनी!”

छापलेला कागद शर्टाच्या आत ठेवून टॅक्सी केली. लालबागला मिरच्या कांडायच्या गिरणीचा ठसका लागून डोळ्यांतून पाणी आलं. बरंच झालं, टॅक्सीवाल्याने काही विचारलं नाही.

चाळ पाडून आता टॉवर झालाय. आत्या अठराव्या मजल्यावर. घरवाटपाच्या लॉटरीत शेवंताबाईंचं दार नेमकं समोर आलंय. आत्याने ओळीवरून बोट फिरवलं. “हवालदार! मी काय बोंबलत होते एवढी वर्षं?” तिचा चेहरा असा फुललेला असतानाच मी बाकीचं सांगून टाकलं. थांबलो असतो तर पुन्हा तीस वर्षं गेली असती.

तिने कागद घडी करून मांडीवर ठेवला.

“का रे?”

“नावाची लाज वाटली.”

“ते नाव गोऱ्या साहेबानं चांदीवर कोरलं, आणि तुला लाज?” मग ती उठलीच. “चल. आधी समोर.”

शेवंताबाईंनी दार उघडलं. आत्याने मला पाठीत ढोसलं, “सांग हिला.” सांगितलं.

“तीस वर्षं!” शेवंताबाई कडाडल्या. “अगं बये, ते पदक घेऊन मी काय नथीत अडकवणार होते?”

“चुकलं माझं,” आत्या म्हणाली.

“तुझं कमी, ह्या घोड्याचं जास्त. ये आत. घोड्यालाही आण.”

सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी पुढ्यात आली. दोघींनी ती ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली, तिसऱ्यांदा दार सताड उघडून. मजल्यावरची माणसं बाहेर आली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

दुसऱ्या दिवशी निघालो. पदक समुद्रातच आहे, ते परत येणार नाही. “माफ केलं,” असं आत्या म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. पण मी लिफ्टची वाट पाहत असताना दोघी चटणीत मीठ कमी की जास्त, ह्यावर भांडत होत्या. कानांना इतकं गोड मी कधी काही ऐकलं नव्हतं.

नाशिकला आल्यावर कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या हातात कागद दिला. तिने न अडखळता मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“बाबा, एवढं दणदणीत नाव आपल्या घरात होतं, आणि तुम्ही मला सांगितलंच नाही?”

त्याच रात्री वहीतले शेंगदाणे झटकले आणि तिला हे लिहून दिलं.