कामगार

“सरि. काय समजलें तें सांग.”

कुंभकोणमच्या कॉलेजात बी.कॉम.च्या वर्गाला व्यवसाय-संघटन शिकवणारे आमचे सर दिवसातून पन्नास वेळा हे म्हणत, आणि म्हणताना खडूचं टोक समोरच्याच्या छातीवर रोखत. सरि म्हणजे तमिळमध्ये ‘बरं’. पुढचं मराठी फक्त माझ्यासाठी. बाकीच्यांना तेच इंग्रजीत आणि तमिळमध्ये ऐकावं लागे.

मला त्यांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकतो. बाबांची विमा कंपनीतली बदली आम्हाला पुण्याहून तिकडे घेऊन गेली होती. सरांचे पूर्वज मराठे राजांबरोबर तंजावरला आलेले. घरात ते जी मराठी बोलत ती ऐकून बाबा हसू दाबत. ‘ऐकोन’, ‘जाला’, ‘मनुष्यें’. जुन्या दप्तरातला कागद उठून बोलायला लागावा तसं वाटे.

फळ्यावर ते पट्टीने चौकोन आखत. वर मालक, खाली मॅनेजर, त्याखाली मुकादम, सगळ्यात खाली मजूर. हुकूम वरून खाली येतो हे कुणीही सांगेल, पण खाली पोचतो तेव्हा तो तोच असतो का, हे विचारायचं कुणी, असं त्यांचं म्हणणं. डस्टर आणायला पाठवलं तरी काय आणायचं ते आधी वदवून घेत. वर्ग कंटाळून जाई.

एकदा ते आम्हाला दारासुरमला एका विणकराच्या घरी घेऊन गेले. व्यापाऱ्याने वांग्याच्या रंगाची साडी सांगितली होती, विणकराने हिरवी विणली होती, आणि व्यापारी त्याला वाटेल ते बोलत होता. सरांनी विणकराला परसात नेलं. तिथे सगळी वांगी हिरवी. सर परत आले आणि त्यांनी त्या व्यापाऱ्याला असं झापलं की तो चपला घालायचं विसरून निघाला. न विचारणाराच गुन्हेगार, असं ते परतीच्या बसमध्येही बडबडत राहिले.

परीक्षा झाली. पुण्याजवळच्या एका पंपाच्या कारखान्याचे मालक पूर्वी तंजावर पाहायला आले असताना सरांकडे उतरले होते. त्यांच्या नावाचं पत्र सरांनी बंद पाकिटात माझ्या हाती दिलं. बाबा निवृत्तीला आले होते आणि घर माझ्यावर येणार होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मॅनेजरने पत्र फोडलं, वाचलं आणि हसला. “ऑफिसात एक जागा होती खरी. पण तुमचे सरच लिहितात, हा मुलगा उत्तम कामगार होईल.” दुसऱ्या दिवशी मी ओतकामाच्या शेडमध्ये वाळू वाहत होतो.

तीन वर्षं चौकोन आखायला लावून या माणसाने मला सगळ्यात खालच्या चौकोनात ढकललं. मी पेटलो होतो. चीड आवरेना तेव्हा एक पोस्टकार्ड खरडलं: ‘आपल्या कृपेने कामगार झालो. उपकार जन्मभर विसरणार नाही.’

उलट टपाली उत्तर आलं. ‘तूं कामगार जालास हें ऐकोन आम्हां उभयतांस परम संतोष जाला.’ मी ते कार्ड फाडून भट्टीत टाकलं. माझी थट्टा करतो म्हणजे काय!

दोन वर्षं तो राग मी जपला. मग रजा काढली आणि जे बोलायचं ते तोंडावर बोलायला कुंभकोणम गाठलं.

दार सरांच्या पत्नीने उघडलं. त्यांना आम्ही मामी म्हणत असू. सर तीन महिन्यांपूर्वी गेले होते.

मामींनी कॉफी दिली. भिंतीवर पागोटं घातलेल्या एका माणसाचं जुनं चित्र होतं. मी तिकडे पाहतोय हे बघून त्या म्हणाल्या, “हे यांचे पणजे. राजाचे मोठे कामगार होते. चाळीस मनुष्यें हाताखालीं.”

चित्राच्या चौकटीत, खालच्या कोपऱ्यात, माझं पोस्टकार्ड खोवलेलं होतं.

मामींनी सांगितलं, ते आलं त्या दिवशी सरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं, साऱ्या गल्लीला कॉफी पाजली होती. आमचा मुलगा कामगार जाला, म्हणून.

या घरात कामगार म्हणजे अंमलदार. दीडदोनशे वर्षं तोच अर्थ चालत आला होता, आणि तिकडे पुण्यात शब्द कधीच शेडमध्ये उतरला होता. मला संताप आला. मॅनेजरचा आला, विचारलं नाही म्हणून. सरांचाही आला, आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत राहिले आणि माझ्या पत्रापाशी मात्र चुकले म्हणून. सगळ्यात जास्त माझाच आला. तीन वर्षं त्यांच्यासमोर बसून मी एक ओळ लिहू शकलो नाही: सर, तुम्हाला काय म्हणायचं होतं?

“तुझे हाताखालीं किती मनुष्यें?” मामींनी विचारलं.

“चाळीस,” मी म्हणालो.

“सरि. हुकूम दिलास कीं काय समजलें तें विचारतोस ना त्यांस?”

मी मान हलवली, आणि भाजलेले हात मांडीखाली घेतले.