पांढरं निशाण लावून आलेला मालक

टॅमर मेरीलँडात पॅटक्सेंट नदीकाठच्या तंबाखूच्या मळ्यावर स्वयंपाकाला होती; मळ्याच्या मालकाची गुलाम. १८१४च्या उन्हाळ्यात अमेरिकेशी लढणारी इंग्रजांची जहाजं नदीत शिरली आणि ‘आमच्याकडे येईल तो मोकळा’ ही बातमी झोपड्यांतून फिरली. मालक क्रॅडॉक सगळ्यांना जमवून म्हणाला, “इंग्रज तुम्हाला दूर उसाच्या मळ्यांच्या बेटांवर नेऊन विकतील.”

टॅमरचा नवरा जूबल पुटपुटला, “हा एवढा घसा कोरडा करतोय, म्हणजे बातमी खरी दिसते.”

अडचण टॅमरच्या आईची होती. हेगरचे गुडघे धरलेले. दलदलीतून तिला नेणार कसं? टॅमरचा पाय निघेना. शेवटी हेगरच चिडली. “माझ्या गुडघ्यांपायी थांबतेस? उद्या तुला दूर दक्षिणेला जॉर्जियात विकलं, तर मी काय गाडीमागे धावणार आहे? ऊठ, नीघ.”

रविवारी मालकमंडळी चर्चला गेली, तशी ती दोघं लव्हाळ्यातून इंग्रजांच्या जहाजाकडे निघाली. जहाजावर जूबलला इंग्रज शिपायाचा लाल कोट आणि बंदूक मिळाली. टॅमर खलाशांचे कपडे धुऊ लागली.

थोड्याच दिवसांत क्रॅडॉक होडीला पांढरं निशाण लावून आला. समजावून कुणी परत येत असेल तर ने, जबरदस्ती चालणार नाही, असं कप्तानाने त्याला बजावलं होतं. तो टॅमरपुढे टोपी काढून उभा राहिला.

“घरी चल, टॅमर. तुझी आई अन्नाला शिवत नाही.”

पिळायला घेतलेला सदरा टॅमरच्या हातात तसाच राहिला. “मग तिला होडीत घालून इथं आणा, मालक. मी भरवते.”

“ते कसं जमेल?”

“तर मग तुम्हाला तिच्या पोटाची काळजी नाही. तुमच्या पोटाची आहे.”

क्रॅडॉक गेला. टॅमर कपडे पिळत रडली. जूबल नुसता शेजारी बसून राहिला.

लढाई संपल्यावर त्यांना उत्तरेला इंग्रजांच्या मुलखात, नोव्हा स्कोशियात जमीन मिळाली. नांगराला माती कमी, दगड जास्त. पहिल्या हिवाळ्यात ती दोघं अर्धपोटी राहिली. पण विकणारं कुणी नव्हतं.

पुढे कित्येक वर्षांनी त्याच मळ्यावरून पळालेला पॉम्पी नावाचा माणूस दारात आला. हेगर वारल्याचं त्याने सांगितलं. टॅमर पळाल्यावर मालकाने तिच्या जागी हेगरलाच चुलीपुढे बसवलं होतं.

“मला शिव्या देत होती का रे?”

“छे. कुणी तुझं नाव काढलं की म्हणायची, माझी पोर पळाली नाही, मीच तिला हाकलली.”

टॅमर उठली आणि तिने पॉम्पीला वाढायला घेतलं.